टाकीवरचा मामा

"दाब कमी पडला तर टाकीवर वजन ठिवायचं, काका." लातूर जिल्हा नवा झाला त्या साली गोबर गॅस बसवायला आलेला मिस्त्री जाता जाता एवढं बोलून गेला होता. चार वर्षांनी, ऐन दुष्काळात, चंद्रप्पांना तो आवाज आठवला तो नेमका पाव्हणे यायच्या दिवशी.

पाव्हणे देवणीहून येणार होते, चंद्रप्पांच्या पोराचं, श्रीमंतचं, घर बघायला. पोरीचे वडील पंचाक्षरी यांचा निरोप स्पष्ट होता: धुराच्या घरात लेक देणार नाही. "आमच्यात गॅस हाय," असं चंद्रप्पांनी छातीठोक कळवलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त शेण देणारी ढोरं चारा छावणीत होती आणि शेणात कालवायचं पाणी टँकरमध्ये. दावणीला उरली होती एक म्हातारी गाय. तिच्या कृपेनं शेणकाल्यावर तरंगणारी लोखंडी टाकी जेमतेम वीतभर वर आली होती.

दगड ठेवून पाहिले, तर टाकी कलली. मग चंद्रप्पांची नजर अंगणात ऐसपैस बसलेल्या मेहुण्यावर गेली.

"दाजी, म्या पोराचा मामा हाव का पोतं?" धोंडप्पा म्हणाला.

"आजच्या दिस दोन्ही. मधोमध बस. हलू नगंस."

धोंडप्पा चढून बसला आणि आतून त्याच्या बहिणीचा, गौरम्मांचा, आवाज आला, "पेटला गं माय! निळा निळा, जवसाच्या फुलावानी!"

चहाचं आधण चढलं तोच पाव्हणे आले. फेटा, उपरणं, मोजकं बोलणं. पाणी झालं, पाऊसपाण्याचं झालं. मग पंचाक्षरींनी विचारलं, "पोराचा मामा दिसंना? मामाबिगर बोलणी कशी करावी?"

"परसात हाय. जरा कामात हाय."

"मग आपणच भेटू की," म्हणत पाव्हणे उठलेच.

परसात धोंडप्पा टाकीवर मांडी घालून, हात जोडून बसला होता.

"शरणार्थी, मामा," पंचाक्षरींनी लिंगायती रीतीनं नमस्कार केला. "उतरा की खाली."

"शरणार्थी. बसून राहिलो जरा."

"कव्हापासून?"

"आधण ठिवल्यापासून."

पंचाक्षरी निरखून बघत राहिले. "मामा, तुम्ही खाली चाललाव."

"चहा होईस्तोवर चार बोटं जातोच," धोंडप्पा शांतपणे म्हणाला.

पण सोयरिकीच्या घरी उराउरी भेटायची रीत. पाव्हण्यांनी हात पसरले. आता न उतरणं म्हणजे अपमान. धोंडप्पा उतरला, भेटला.

"इझला!" आतून गौरम्मा.

धोंडप्पा घाईनं वर चढला.

"पेटला!"

"पान तरी खावा," पाव्हण्यांनी चंची पुढं केली. धोंडप्पा अर्धा उठला.

"इझला की रं!"

या खेपेला तो गडबडीत टाकीच्या कडेवर बसला. टाकी कलली, साठलेला गॅस फस्सकन निघून गेला आणि मामा गुडघ्यापर्यंत शेणकाल्यात उभा राहिला.

शेवटी इतका वेळ मान खाली घालून मागं उभा असलेला श्रीमंत पुढं आला. "काका, दोन महिन्यांपासून चूलच पेटती आमच्यात. ढोरं आली की गॅस येईल. तोवर धूर हाय."

चंद्रप्पांनी कपाळाला हात लावला. आत गौरम्मा चुलीत पऱ्हाट्या कोंबत होत्या. जाळ लागेना, धूर तेवढा निघत होता.

पंचाक्षरी तडक स्वयंपाकघरात शिरले. "आक्का, सरका." उपरणं कमरेला बांधून ते चुलीपुढं बसले, चार काड्या ओढून बाहेर काढल्या, राख सारून वाट केली आणि एकच फुंकर घातली. जाळ भडकला. धुराचं नाव नाही. फेट्याचा हा माणूस चहा ढवळताना सगळं घर दारात उभं राहून बघत होतं.

"पोरगं खरं बोललं," ते चहा गाळत म्हणाले. "ढोरं छावणीतून आली की तारीख काढा."

"काढू की," चंद्रप्पा कसेबसे बोलले. "पण पाव्हणं, ही चूल... तुम्हाला कशी काय?"

पंचाक्षरींनी कपबश्या भरल्या. वर न बघता म्हणाले, "पोरीच्या मायला धुरानं दिसंना झालंय. सहा वर्सं झाली, आमच्यात सैपाक म्याच करतो. भावकीत आजवर कुणाला सांगितलं न्हाई."