विशेष काही नाही

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. तिथे सगळ्यांनी जमिनीवर ओळीत बसायचे, असा नियम होता. हरणे बसत, ससे बसत. चौथीतली लोंबी ही वटवाघळाची पोर मात्र बसली की दहा मिनिटांत पडे. डोके वर राहिले की तिला चक्कर येई आणि पाढे सांडून जात. यंदाही नापास झाली तर नाव कमी करू, अशी चिठ्ठी घरी आली होती.

एवढ्यात सिंहाच्या दरबारातून परिपत्रक आले : पालकांना विचारून प्रत्येक बालकाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा.

लोंबीची आई सुलोचनाबाई आनंदाने शाळेच्या कचेरीत गेल्या. तिथले कारकून साळिंदर होते. ते स्वतःच्या पाठीचा काटा उपटून लिहीत, त्यामुळे फार थोडे लिहीत.

"बोला बाई, मुलीची विशेष गरज?"

सुलोचनाबाईंवर चांगले संस्कार झाले होते. आल्या आल्या मागायला सुरुवात करणे त्यांना बरे वाटेना.

"छे हो भाऊसाहेब, विशेष काही नाही. आपली लटकायला एक फांदी मिळाली असती, तर..."

कारकुनांनी लिहिले, 'विशेष काही नाही', आणि काटा ठेवून दिला.

"अहो, ती बोलायची पद्धत असते!"

"लिहायचीही असते, बाई."

"मग खोडा ते."

"खोडलेला कागद बाद होतो. काटा माझा, शब्द तुमचे."

आठवड्याने सभा भरली. आराखडा सव्वीस पानांचा होता. पहिल्या पानावर 'विशेष काही नाही' आणि उरलेल्या पंचवीस पानांत त्यावरचे उपाय.

"उद्दिष्ट," मुख्याध्यापक गवा वाचू लागले, "वर्षअखेर लोंबी ऐंशी टक्के वेळ सरळ बसेल."

"आणि उरलेला वेळ?"

"पडायची मुभा आहे. आराखडा लवचीक आहे."

"गुरुजी, आमच्या अख्ख्या घराण्यात कुणी बसलेलं नाही हो!"

"म्हणूनच तर शिक्षण, बाई. करा सही."

सुलोचनाबाईंचे संस्कार तिथे संपले. त्या उडाल्या आणि मुख्याध्यापकांच्या डाव्या शिंगाला उलट्या लटकल्या.

"नाही करत सही! फांदी द्या! फांदी!"

साळिंदरांनी नवा काटा उपटला. "पालक उलट्या लटकतात. आरडाओरडा करतात. विशेष गरज : फांदी."

"मंजूर," मुख्याध्यापक म्हणाले. मान दुखत असल्याने निर्णय लवकर झाला.

दुसऱ्याच दिवशी चौथीच्या वर्गात फांदी बसली. लोंबी हरखून वर उडाली. साळिंदरांनी तिला खाली उतरवले.

"ती आईच्या नावावर आहे, बाळ. आराखडा वैयक्तिक असतो."

फांदी वापरली नाही तर परत जाईल, असेही कळले. मग काय करणार? कधीतरी मुलीच्या नावावर होईल, या आशेवर सुलोचनाबाई रोज वर्गात येऊन लटकू लागल्या. खाली लोंबी पडत राहिली.

वर्षअखेर लोंबीचे नाव कमी झाले. सुलोचनाबाई चौथीत पहिल्या आल्या. प्रगतिपुस्तकावर घरच्यांची सही हवी होती. ती लोंबीने केली.

तात्पर्य : फांदी ओरडणाऱ्याच्या नावावर होते. म्हणून सुज्ञ पालकांनी शाळेत गप्प बसावे आणि मुलांना पाढ्यांऐवजी ओरडायला शिकवावे.