नमुना क्रमांक एक

झाडेकाका कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी एक प्रश्न विचारत. "तुमची गादी कोणत्या साली भरली?"

घरचे लोक गोंधळत. कुणी म्हणे लग्नातली, कुणी म्हणे वडिलांच्या वेळची. मग काका खिशातून दाढीचा ब्रश आणि कागदाची पुडी काढत. गादीची कड उचलून ब्रशने झटकत, पडलेली धूळ पुडीत घेत, पुडीवर घरमालकाचं नाव लिहीत आणि ती खिशात टाकत. एवढं झालं की खुर्चीवर बसत, खुर्ची नसेल तर खाली फरशीवर. गादीवर ते कधीच बसले नाहीत. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तिथेही त्यांनी हेच केलं. मुलीकडच्यांना वाटलं, हे हुंड्यात गादी मागतायत. त्यांनी नवी गादी भरून घेतली आणि मुलगी दुसरीकडे दिली.

नागपूरच्या सक्करदऱ्यात त्यांना सगळे वेडे म्हणत. मीही म्हटलं असतं. पण माझा श्वास त्यांनी मला परत दिला आहे, त्यामुळे मला तो हक्क नाही.

मी मूळची देवगडकडची. चौथीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि रेल्वेत फिटर असलेल्या नवऱ्याबरोबर दोन दिवसांचा प्रवास करून नागपूरला आले. तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. झाडेकाकांच्या शेजारच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या. पहिल्याच थंडीत मला शिंका सुरू झाल्या, मग खोकला, मग छातीत शिटी. मिस्टर म्हणू लागले, तुला इथली हवा मानवत नाही, तुला गावी पाठवतो. गावी मला कोण होतं? आई गेलेली, सावत्र आईने दारात उभं केलं असतं की नाही शंकाच. मी खोकला पदरात दाबून दाबून खोकायचे, न जाणो ऐकू गेला तर उद्याचं तिकीट काढतील.

काकांना भिंतीपलीकडून ऐकू गेलं. ते ब्रश घेऊन आले.

आमची गादी आमची नव्हतीच. आधीचे भाडेकरू टाकून गेले होते आणि आम्ही देवाची कृपा म्हणून तिच्यावर झोपत होतो. काका तिसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, "आपण झोपतो अन् ते जेवतात."

काका एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. त्या काळी दम्याला लोक हवेला, केळ्याला, दह्याला आणि बाईचा असेल तर तिच्या मनाला दोष देत. पण तिकडे हॉलंडात काही डॉक्टरांनी नुकतंच शोधून काढलं होतं, की घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. माणसाच्या अंगावरून झडणारा कोंडा खाऊन ते जगतात, गादीत त्यांची वस्ती असते, आणि काही जणांना त्यांच्यामुळेच दमा होतो. काकांच्या डॉक्टरसाहेबांकडे त्याबद्दलचं मासिक आलं होतं. काकांचं इंग्रजी बेताचं, पण किड्याचं चित्र त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की बोट न उचलता ते पाटीवर काढून दाखवत.

साहेबांनी माझ्या हातावर औषधाचे थेंब टाकून सुईने टोचलं. धुळीच्या थेंबाखाली चांगली बोराएवढी गांध उठली. काकांना झालेला आनंद मी विसरणार नाही. दवाखान्यात ज्याला त्याला माझा हात दाखवत होते. गादी त्यांनी स्वतः अंगणात जाळली, आम्हाला चटईवर झोपवलं, मी दर आठवड्याला इंजेक्शन घेऊ लागले. आधी अगदी थेंबभर, मग जरा जास्त. महिन्याभरात रात्रीची शिटी थांबली. गावी पाठवायचं नाव मिस्टरांनी पुन्हा काढलं नाही.

उपकार कसे फेडायचे म्हणून मी त्यांच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहून देऊ लागले. "अक्षर बरं आहे वं कोकणवालीचं," ते म्हणाले. चौथी शिकलेल्या बाईला असं कुणी म्हटलं तर ती काय करणार? चाळीस नंबरच्या पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत. वहीही मीच लिहायची. नंबर, कुणाची गादी, किडे किती, आणि शेवटी शेरा. शेरा बहुतेक एकच असे: जाळली.

काकांच्या स्वतःच्या घरात तर जाळायलाही काही उरलं नव्हतं. पडदे नव्हते, सतरंजी नव्हती, उशी नव्हती. लाकडी खाट, तिच्यावर जरीपटक्याच्या बाजारातून आणलेलं रेक्झिन शिवून घातलेली पातळ गादी. कूस बदलली की ती असा आवाज करायची की आमच्याकडे ऐकू यायचं. दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने फरशी. लोकांना वाटे, बायको गेल्यापासून माणूस बिघडला. काकू जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

खरं कारण मंदा होती. काकांची एकुलती मुलगी. तिला लहानपणापासून दमा. लग्न होऊन उमरेडला गेली आणि बरी झाली. पण माहेरी आली की दोन तासांत छाती भरायची. चार वर्षं ती बापाच्या घरी आली की बाहेर ओट्यावर बसायची, तिथेच जेवायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. काका आत एकेक वस्तू काढून टाकत होते, ते तिला आत घेता यावं म्हणून.

आता तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सासूने उमरेडहून निरोप पाठवला होता, की ज्या घरात पोरीचा जीव गुदमरतो तिथं बाळंतपण कसलं. पाठवते आठ दिवस, पण एकदा जरी दम लागला तर परत न्यायला माणूस येईल, आणि मग माहेरचं नाव नाही.

काका तिला आणायला एसटी स्टँडवर गेले आणि खोली पुसून ठेवायला मला सांगून गेले. मी खोली पुसली. मग त्या खाटेकडे पाहत उभी राहिले. दिवाळीनंतरची थंडी, सातव्या महिन्यातली पोर, आणि अंगाखाली करकरणारं रेक्झिन. मला ते बघवेना. आमच्याकडे माहेरी आलेल्या मुलीला आईच्या नाहीतर आजीच्या लुगड्याची गोधडी घालतात. खाटेखाली पत्र्याची ट्रंक होती. चादर मिळेल म्हणून उघडली, तर आत पांढऱ्या धोतरात गुंडाळलेली एक गोधडी. मऊ लुगड्यांची, बारीक टाके. वर काकांच्या अक्षरात चिठ्ठी: नमुना क्र. १.

नंबर दिला म्हणजे तपासली असणार, असं मी धरलं. तीही पहिलीच. आणि तपासून ठेवली, जाळली नाही, म्हणजे चांगलीच असणार. मी ती झटकून खाटेवर अंथरली.

मंदा आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "आईची गोधडी." मग आडवी होऊन तिने त्यात तोंड खुपसलं आणि तशीच पडून राहिली. काका तिच्या मागे पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी गोधडी पाहिली, मला पाहिलं, आणि पिशवी हळूच खाली ठेवली. मला वाटलं, खूश झाले.

दिवेलागणीला मंदा उठून बसली. खांदे वर, हात गुडघ्यांवर, बोलताना दोन शब्दांच्या मध्ये श्वास. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. साहेबांनी शिरेतून हळूहळू इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे ती टेकून बसली. बाळ ठीक होतं, तरी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. पण दुसऱ्याच दिवशी उमरेडला कळलं आणि रविवारी जावई न्यायला येतील असा निरोप आला.

मी काकांच्या पायाशी बसून रडले. म्हटलं, हे घर माझ्यामुळे पोरीला तुटलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"तुयी चूक नाही. मी दारातूनच पाह्यली होती."

मग मी विचारलं, काढली का नाही.

"तिनं तोंड लपवलं होतं नं त्यात," ते म्हणाले. "तिची माय गेली तेव्हा बारा वर्सांची होती पोर. कसं काढू?"

त्यांनी वही उघडून पहिलं पान दाखवलं. ते मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या ओळीत 'नमुना क्र. १, घरची गोधडी' एवढंच. पुढचे रकाने कोरे. साऱ्या सक्करदऱ्याच्या गाद्या झटकल्या, आणि ही अकरा वर्षं ट्रंकेत. ते म्हणाले, काढली तर तपासावी लागली असती, आणि तपासली तर शेरा लिहावा लागला असता.

त्या दिवशी त्यांनी ती झटकली. धूळ काचेवर घेतली, दवाखान्याने मोडीत काढलेल्या त्यांच्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला म्हणाले, "पाह्य." मी पाहिलं. मला मोजता आले नाहीत.

आता अंगणात आग पेटेल म्हणून मी काड्यापेटी घेऊन उभी होते. काकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि चूल पेटवली. चुलीवर आंघोळीचा मोठा हंडा चढवला. म्हणाले, कापूस नाही तिच्यात, सगळे लुगडेच आहेत, किडे गरम पाण्यानं मरतात अन् त्यांचा भुगा साबणानं निघते. इतकी वर्षं हे माहीत असून त्यांनी तिला पाणी लावलं नव्हतं. तीन वेळा उकळली. लाकडाने दाबताना प्रत्येक वेळी लुगड्याचा थोडा रंग पाण्यात उतरे आणि काका ते पाणी तुळशीच्या आळ्याशी नेऊन ओतत. मग तीन दिवस कडक ऊन.

शनिवारी मंदा दवाखान्यातून आली आणि त्याच गोधडीवर झोपली. आम्ही दोघं ओट्यावर बसून तिचा श्वास ऐकत होतो. काकांनी दवाखान्यातून आणलेली छाती तपासायची नळी कानाला लावलीच नाही. दार उघडं ठेवून नुसतं ऐकत होते. सकाळी तिने स्वतः उठून बापाला चहा करून दिला. बापाच्या घरात, चुलीपाशी बसून. दुपारी जावई आले. मंदाने त्यांनाही चहा दिला. ते संध्याकाळपर्यंत थांबले, दोनदा म्हणाले, "बरी तं दिसून राहिली," आणि एकटेच परत गेले. पुढे मुलगी झाली, ती त्याच गोधडीवर.

जावई गेल्यावर काकांनी मला वही आणायला सांगितली. मी पहिलं पान उघडून पेन घेऊन बसले.

"किडे लय. उकळल्यावर, काही नाही. शेऱ्यात लिही: जाळली नाही. वापरात."

मी लिहिलं. काका उठून आत गेले. मंदा मोरीवर होती. त्यांनी गोधडीचं एक टोक उचलून नाकाशी धरलं आणि बाहेर येऊन माझ्याजवळ बसले.

"अजून एक लिही," ते म्हणाले. "वास गेला."

मी विचारलं, खरंच लिहू का.

"निकाल आहे तो," काका म्हणाले. "लिही."