वाय-फायला विसावा

बाराच्या मीटिंगला पाच मिनिटं उरली आणि चंदनचं वाय-फाय गेलं.

तो धडधडत जिना उतरला. ओसरीत त्याचे वडील, भिला आप्पा, राउटरवर पालथा हात ठेवून उभे होते, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. भिंतीवरचं बटण बंद.

"आप्पा, लाईट शे ना? मंग हाई कसं बंद व्हयनं?"

"मीच बंद करं. सकायपाईन चालू शे. हातले चटका बसे, इतलं गरम व्हयेल व्हतं."

"अहो, ते चोवीस तास चालाकरताच बनाडेल शे!"

"माले नको शिकाडू. पाच हॉर्सपॉवरनी मोटर दोन तासम्हा दम खास. हाई तं काडीपेटीएवढं डबडं. वाइंडिंग जळी जाई!"

तळोद्याजवळच्या त्या गावात आप्पांची पपईची बाग होती आणि तीस वर्षांत त्यांची विहिरीवरची मोटर एकदाही जळली नव्हती. ती दोन तास चालली की बंद करायची, फारच तापली तर ओलं गोणपाट टाकायचं. अशा माणसाला कोण शिकवणार, कप्पाळ!

पण आजचा दिवस वेगळा होता. चंदन पुण्याच्या कंपनीचा प्रोग्रामर. घरून काम चालू ठेवायचं की सोमवारपासून पुण्याला हजर व्हायचं, हे मॅनेजर हेमकांत सर आज ठरवणार होते. बायकोला, ममताला, तळोद्याच्या दवाखान्यात नुकतीच नर्सची नोकरी लागली होती. पुण्याला जावं लागलं की नव्या संसाराची दोन गावांत दोन बिऱ्हाडं. 

"आप्पा, हात जोडस. एक तास या बटणले हात लावू नका."

"नही लावाव. मन्हा शब्द शे," आप्पा म्हणाले.

मीटिंग सुरू झाली. पडद्यावर अकरा चौकोन, मधल्यात हेमकांत सर. त्यांच्यामागे ऑफिसची चकचकीत काचेची भिंत.

"मी स्वतः रोज ऑफिसला येतोय. मग तुम्हाला काय अडचण आहे? चंदन, तुझ्या गावात नेट तरी धड चालतं का?"

"सर, एकदम भरवशाचं आहे. सहा महिन्यांत एकदाही—"

पडदा गोठला. चंदनचा आ वासलेला चेहरा तसाच राहिला.

तो पुन्हा खाली धावला. राउटरवर ओलं गोणपाट पांघरलेलं, खाली पाण्याचं थारोळं आणि एकूणएक दिवा विझलेला.

"आप्पा!"

"मी बटणले हातबी नही लावा!" आप्पा आधीच म्हणाले.

भांडायलाही वेळ नव्हता. चंदन मोबाईल घेऊन गच्चीवर पळाला. रेंज फक्त तिथंच यायची. धापा टाकत तो मीटिंगमध्ये शिरला.

"'एकदाही'नंतर तू गेलास, चंदन," हेमकांत सर थंडपणे म्हणाले. "मी हेच म्हणत होतो. सोमवारी पुण्याला ये."

एवढ्यात मागून आप्पा आले, हातात ठिबकणारा राउटर. तो उन्हात ठेवायला आले होते बिचारे. 'पुणे' आणि 'सोमवार' कानावर पडताच त्यांचा चेहरा उतरला. लेकाच्या खांद्यावरून ते मोबाईलमध्ये डोकावले.

"रामराम साहेब. चूक मन्ही शे, पोऱ्यानी नही. पण एक इचारू? मोटर दोन तास चालनी का मी बंद करस. हाऊ मन्हा पोऱ्या सकायना नऊपाईन रातना धा लगून चालू ऱ्हास. जेवाले हाक मारी तं 'एक मिनिट, एक मिनिट' करस. मोटर जळनी तं दुसरी भेटस. पोऱ्या जळना तं मी कथाईन आणू?"

 

तेवढ्यात हेमकांत सरांमागच्या काचेच्या भिंतीतून बांगड्या भरलेला एक हात बाहेर आला. मग अर्धा चेहरा.

"काका, अगदी बरोबर बोललात! मी तीन वर्षं यांना हेच सांगतेय. पान वाढून अर्धा तास झाला!"

"अगं, मीटिंग चालू आहे!" सर दबक्या आवाजात ओरडले. गडबडीत त्यांनी भलतंच काहीतरी दाबलं आणि पडद्यावरची ती खोटी काचेची भिंत गुल झाली. मागे दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, दोन बनियन आणि अर्धवट उघडं स्वयंपाकघर. आतून कुकरनं सणसणीत शिट्टी दिली.

मग कोपऱ्यातल्या चौकोनातून टीममधल्या काजलनं अदबीनं विचारलं, "सर, सोमवारी आम्ही नक्की कुठं यायचं?"

हेमकांत सरांनी घसा खाकरला, टॉवेल ओढून काढला, तो कुठं ठेवावा हे न सुचून मांडीवर घेतला.

"सोमवारचं... राहू दे सध्या. सगळ्यांचंच राहू दे."

"म्हणजे सर, मी इथंच—"

"राहा रे बाबा, राहा! आणि वडिलांना नमस्कार सांग."

आप्पांना निम्मंच कळलं होतं. त्यांनी लेकाला कोपरानं ढोसलं. "काय म्हणनात रे साहेब? जानं पडी का?"

"नही आप्पा," चंदननं डोळे पुसले. "साहेबबी घरच ऱ्हातस."