बेचाळिसावी खेप

चौतीस वर्षं लेथ मशीनवर काढलेल्या माणसाला व्हिडिओ गेममधलं एक चक्र फेकता येणार नाही, असं कुणी म्हणालं, तर मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेन! लोखंड केसभर जास्त कापलं गेलं तरी मला ते नुसत्या आवाजावरून कळायचं. शेजारचा नवखा माणूस चुकायला लागला की मी दोनच शब्द बोलायचो, "आण इकडे!" आणि पाच मिनिटांत जॉब तयार.

घरीही हीच पद्धत. लेकीचा शाळेतला पुठ्ठ्याचा पूल? आण इकडे! सायकलची उतरलेली चेन? आण इकडे! चार महिन्यांपूर्वी तिने नोकरीचा अर्ज लिहायला घेतला आणि तो दोन दिवस अर्धवट पडून राहिला. मी तो परस्पर पुरा केला आणि पाठवूनही दिला. नोकरी लागली! मी उड्या मारायच्या बेतात होतो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ही नोकरी तुम्हाला लागलीय. तुम्हीच जा."

तेव्हापासून अबोला. अगदी कडकडीत नव्हे. "चहा झालाय," असं ती आईला सांगायची आणि मी ऐकायचो. मग तिने स्वतःच्या हिमतीवर दुसरी नोकरी मिळवली, परगावी. येत्या रविवारी ती निघणार होती आणि त्या आठवड्याचा सोमवार तर उजाडलाही होता. ती अशी न बोलताच गेली, तर हा अबोला कायमचा घरात राहायला येणार, या भीतीने मला घास गोड लागेना.

ती बोलायची ती फक्त एका द्वारपालाबद्दल. संध्याकाळी टीव्हीला तो गेम जोडून बसायची. तिचा योद्धा तलवारीने डझनावारी माणसं कापत जायचा आणि एका किल्ल्याच्या दारात अडायचा. तिथला द्वारपाल म्हणजे दाराएवढी ढाल घेतलेला राक्षस. समोरून वार लागूच देईना.

"कितव्यांदा गं?" हिने शिलाई मशीनवरून विचारलं.

"एक्केचाळिसाव्यांदा मेले."

मी पेपरामागून बघत होतो. योद्ध्याकडे एक चक्रही होतं. फेकलं की लांब जाऊन परत यायचं. लेक त्याला हात लावत नव्हती, कारण ते झेलणं महाकठीण. पण येता येता ते द्वारपालाच्या पाठीत बसणार, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं! मी ठरवलं, आधी चक्र शिकायचं आणि मग सहज म्हटल्यासारखं म्हणायचं, "पाठीत मार की." एवढंच. तेवढ्यावरून बोलणं सुरू झालं असतं.

मंगळवारी लेक खरेदीला गेल्यावर मी कंट्रोलर हातात घेतला. गेममध्ये सरावाचं मैदान आहे, तिथे पेंढ्याचे पुतळे उभे असतात. चक्र फेकलं, परत आलं, बटण दाबलं. लवकर दाबलं, म्हणून चक्र जमिनीवर पडलं. पुढच्या वेळी उशिरा दाबलं. चक्र आमच्याच छातीत!

एकोणीस वेळा मेलो. हिने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "अहो, समोरचा तर पेंढ्याचा आहे. मग तुम्ही मरताय कशाने?"

बुधवारी गुरुकिल्ली सापडली. चक्र हातात यायच्या क्षणभर आधी कंट्रोलर बारीक थरथरतो. डोळ्यांनी बघायचंच नाही, तळहाताला विचारायचं! मशीन कुठलंही असो, बोलतं ते हातातूनच. गुरुवारी दुपारपर्यंत मी दहातली नऊ चक्रं झेलू लागलो. पुतळ्यांचा कंटाळा आला. आणि तिथेच माझी बुद्धी फिरली.

जायच्या धांदलीत लेकीचा खेळ सोमवारपासून त्या दारातच थांबलेला होता. आता माझी बाजू नीट ऐका. आमच्या कारखान्यात पहिल्या पाळीच्या माणसाचा जॉब मशीनवर अर्धा राहिला, तर दुसऱ्या पाळीचा तो पुरा करतो. न केला तर वैर धरलं असं समजतात. मी म्हटलं, पहिली पाळी लेकीची, दुसरी माझी! शिवाय मी हरणारच होतो.

हरलो असतो तर बरं झालं असतं.

"पाठ दाखव, मेल्या! आज सोडत नाही तुला!" मी ओरडलो.

ही शिवण टाकून उठली. "डावीकडे! अहो, डावीकडे! मारा! मारा त्याला!"

भिंतीपलीकडे राहणारे निवृत्त पोस्टमास्तर कानाचे तिखट. माझं ओरडणं, हिचं किंचाळणं ऐकून ते मिटलेली छत्री उगारून थेट आत घुसले. "वहिनी, तुम्ही मागे व्हा! कुठे आहे तो?"

"मास्तर, दोन मिनिटं थांबा, आधी याला मारतो!"

मास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं. छत्री हळूच खाली आली. मग तेही कोचाच्या कडेवर टेकले आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा! "ढाल खाली येतेय! फेका! फेका!"

मी फेकलं आणि डोळे मिटले. तळहातात थरथर आली, बटण दाबलं. डोळे उघडले तर चक्र माझ्या हातात आणि द्वारपाल जमिनीवर. वयं मिळून दोनशेच्या घरातली आम्ही तीन माणसं नाचायला लागलो! पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा उघडला. त्याच वेळी आमचाही.

दारात लेक होती, हातात नवी कोरी बॅग.

"ये ये, बेटा!" मास्तर म्हणाले. "बाबांनी काय लोळवलाय त्याला!" मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला, छत्री उचलली आणि गेले.

पडद्यावर कोपऱ्यात अक्षरं होती: खेळ जतन झाला. द्वारपालाशी लढायची तिची ती जागा आता पुसली गेली होती.

"एक्केचाळीस वेळा हरले होते मी," ती म्हणाली.

"हो ना, म्हणूनच तर मी..."

"बाबा, मला त्याला हरवायचं होतं. हरलेला बघायचा नव्हता."

पाळीचा दाखला माझ्या जिभेवर तयार होता. पण तिने बॅग खाली ठेवली, तेव्हा तिचा हात बारीक थरथरत होता आणि थरथर मला कळते. मला एकदम पुठ्ठ्याचा पूल आठवला. शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं आणि तिने तो घरी आणलाच नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो, वाटेत मोडला असेल.

"चुकलो," मी म्हणालो. "आत्ता, आणि त्या अर्जाच्या वेळीही." हा शब्द कधी वापरात नव्हता, त्यामुळे गंजल्यासारखा निघाला.

ती आत निघून गेली.

शुक्रवारी सकाळी तिने गेम पहिल्यापासून सुरू केला. मी पेपर घेऊन सटकत होतो.

"बसा," ती म्हणाली. "हात लावायचा नाही."

चार महिन्यांनी राग सोडून माझ्याशी बोललेले हे पहिले चार शब्द! मी दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसलो. ती चक्र शिकायला लागली. फेकायची आणि ते स्वतःच्याच छातीत घ्यायची. माझे हात खालून वर यायला बघत होते. "आण इकडे" हे शब्द घशापर्यंत आले आणि मी ते चहाबरोबर गिळले.

"तुम्ही कसं झेललंत?"

"घाई नाही करायची," मी म्हणालो. "एकदा सोडलं की त्याच्यामागे जीव टाकायचा नाही. ते आपणहून येतं. आपण फक्त हात तयार ठेवायचा."

शिलाई मशीन थांबलं. "हे तुम्ही सांगताय?" ही म्हणाली. लेक हसली. मला रडू आलं, म्हणून मी चष्मा पुसला.

शनिवारी ती परत त्या दाराशी पोचली आणि सहा वेळा मेली. रविवारी निघाली, तेव्हा द्वारपाल खणखणीत जिवंत होता. कपड्यांच्या बॅगेत गेमची तार कोंबताना ती म्हणाली, "तो तिकडे माझ्या हातून मरणार." बॅगेची चेन अडली होती. मी बघत राहिलो. तिने ती तिसऱ्या हिसक्याला लावली आणि निघताना मला घट्ट मिठी मारली.

बारा दिवसांनी हिच्या फोनवर तिचा फोटो आला. टीव्हीवर आडवा पडलेला द्वारपाल, बाजूला तिचा आनंदाने लाल झालेला चेहरा आणि खाली ओळ: "चक्राने. पाठीत. बाबांना आधी दाखव."

मी तो फोटो चार वेळा पाहिला. छाती भरून आली. देवाशप्पथ, तेवढंच करून थांबणार होतो! पण पाचव्या वेळी मला तिच्यामागची खिडकी दिसली. पडद्याचा दांडा चक्क बोटभर तिरका होता. तो बसवताना तिने पातळी बघितलीच नव्हती! मी लिहायला घेतलं, "शाब्बास. दांडा तिरका आहे. शनिवारी ड्रिल घेऊन येतो..."

तेवढ्यात खांद्यावरून हिचा हात आला.

"आणा इकडे!" ही म्हणाली आणि फोन काढून घेतला.