सांडोर संघाच्या यंत्रातील एकोणतीस हुजऱ्यांच्या छाटणीची हकीकत

गावोगावचे देव आणि वेशीवेशीवरील क्रूस यांस दंडवत करोन, प्रांत वसई, जिल्हे ठाणे, येथील सांडोर-निर्मळ बागाईतदार संघाचे दफ्तरी शके एकोणीसशे दहा, इसवी सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, आश्विन मासी जे युद्ध जाहले त्याची हकीकत लिहिली जाते. युद्धात घोडा नव्हता, तलवार नव्हती, रक्ताचा थेंब सांडला नाही. परंतु मूर्खपणाची जी आतषबाजी जाहली ती पाहता मागले राजेरजवाडे खुजे ठरावे. पुढील पिढ्यांस अक्कल यावी या हेतूने, ती येईल ऐसा भरवसा नसताही, लेखणी हाती धरिली.

संघाचे चेअरमन सॅन्टनराव आल्मेडा, उद्घाटनबहाद्दर, मौजे सांडोर, यांणी मागले वर्षी मुंबईहून युनिक्स नामे विद्येवर चालणारे संगणक यंत्र आणविले. कशासाठी आणविले हे त्यांस ठाऊक नव्हते. शेजारील संघाने आणविले इतके मात्र पक्के ठाऊक होते. यंत्रास झेंडूचा हार घातला, फादरांकडोन आशीर्वाद देवविला, नारळही फोडिला, आणि मग ते चालविणार कोण हा सवाल उभा राहिला. मौजे निर्मळची डेल्फिन, फोर्टातील कचेरीत हीच विद्या शिकलेली, आई अंथरुणास खिळली म्हणोन मुंबईची चाकरी सोडोन गावीच काम शोधीत होती. तीस तात्पुरते हुकमाने ऑपरेटरची खुर्ची बहाल जाहली आणि आई-लेकीचा निभाव त्या एका खुर्चीवर लागला.

आता यंत्राचे पोटातील राज्यव्यवस्था ऐसी. मध्यभागी कर्नेल नामे मुख्य कारभारी. त्याचे दिमतीस ड्रायव्हर नामे हुजरे, एकेक उपकरणास एकेक; छापखान्याचा, म्हणजे प्रिंटराचा, वेगळा, पडद्याचा वेगळा, डिस्कचा वेगळा. उपकरण दारी असो वा नसो, हुजरा एकदा यादीत चढला की त्यास बसावयास मेमरीत जागा द्यावीच लागे. यंत्र विकणारे सौदागर आळशी. त्यांणी कोणास काय लागते हे न पुसता एक्केचाळीस हुजरे भरोन दिले होते. त्यांत नकाशे काढणारे प्लॉटरचा हुजरा होता, चुंबकी टेपेचा होता, परगावचे यंत्राशी बोलणाऱ्याचाही होता, आणि संघाचे दफ्तरी प्लॉटर नाही, टेप नाही, परगावी बोलावयास यंत्र नाही. एकोणतीस हुजरे ऐसे बसोन खात होते आणि कोणास त्याची लाज नव्हती.

तशात संघाची निवडणूक आली. चौदाशे बारा सभासदांची मतदारयादी यंत्रावर लावोन छापावी ऐसा ठराव जाहला. डेल्फिनने यंत्रास हुकूम दिला आणि यंत्राने आल्मेडापासून सुरुवात करोन लोपीसपर्यंत मजल मारिली आणि लोपीसांवर येताच मेमरी संपली म्हणोन धारातीर्थी पडले. दुसरे दिवशीही लोपीस. तिसरे दिवशीही लोपीस. लोपीसांचे पुढील मच्याडो, पाटील, परेरा, वाझ हे अवघे सभासद यंत्राचे लेखी जन्मलेच नव्हते. चेअरमनसाहेब आल्मेडा, त्यांचे नाव यादीत पहिले पानी, सबब त्यांस हा प्रसंग फारसा गंभीर वाटला नाही.

डेल्फिन त्यांजकडे गेली आणि म्हणाली, “साहेब, मशीन बरोबर आहे. अर्धी मेमरी कर्नेलच खातोय. नको ते ड्रायव्हर काढून कर्नेल परत बांधला की यादी होईल. मला बाराच लागतात.”

“काढायचे कशाला? आलंय ते राहू दे,” ऐसे सॅन्टनराव वदले. “कधी ना कधी लागेल.”

या एका वाक्यावर त्यांणी बारा वर्षे संघ चालविला होता. त्यांचे माळ्यावर तीन मोडके पंखे, दोन बिनचाकी सायकली आणि मयत मेहुण्याचा चष्मा याच वाक्याचे आधारावर नांदत होते. मग त्यांणी लेखी फर्मान काढिले की, शनिवारी चार वाजेतो यादी फलकावर न लागल्यास यंत्र गोदामात टाकावे, यादी हाताने लिहवावी आणि ऑपरेटरची खुर्ची रद्द समजावी. आणि एकही हुजरा कमी करणे तो कमिटीचे मंजुरीवाचोन करू नये.

शनिवारी सकाळी कमिटीचे अकरा सरदार जमले. डेल्फिनने एक्केचाळीस नावांचा कागद पुढे ठेविला. प्रत्येक नावापुढे वाय किंवा एन ऐसे अक्षर घालावयाचे. वाय म्हणजे राहील, एन म्हणजे जाईल. वसईत लग्नाचे आवतण ज्यांणी पाहिले त्यांस पुढील प्रकार समजेल. तेथे एका घराचे नाव गाळिले तर तीन पिढ्यांचे बोलणे तुटते, म्हणोन कोणी कोणाचे गाळीत नाही, आणि सरदारांणी हुजऱ्यांची यादीही त्याच रिवाजाने चालविली. पहिले नाव प्लॉटर. तो काय हे कोणासही ठाऊक नव्हते, परंतु पास्कल निर्मळकर उठोन म्हणाले की, सुरुवातीसच निर्मळचे काढावयाचे काय? प्लॉटर निर्मळचा कसा जाहला हे कोणी पुसले नाही. मग सांडोरास टेप मिळाली, कोणास नेटवर्क, कोणास जॉयस्टिक, आणि प्रत्येक गाव आपापल्या हुजऱ्यावर अभिमानाने वाय घालोन मोकळे जाहले.

तथापि काहीतरी कापिले ऐसे दाखविणे भाग होते. तेव्हा प्लासिड खजिनदार यांची तीक्ष्ण नजर दोन नावांवर गेली. एक फ्लॉपी डिस्क, एक हार्ड डिस्क. त्यांणी मसलत दिली की, एका घरी दोन डिस्का कशास? फ्लॉपी निदान हाती धरिता येते. हार्ड कोणी पाहिली आहे? अकराही हात एकदम वर गेले. बारा वर्षांत कमिटीचे एकमत जाहले ते हे एवढेच.

“साहेब, सगळं हार्ड डिस्कवरच आहे,” डेल्फिन म्हणाली. “ती काढली तर मशीन उठणार नाही.”

यावर हुकूम जाहला की, ऑपरेटरने विचारल्यावाचोन मत देऊ नये. बिचारीने काय करावे? तिणे जुन्या कर्नेलाची नक्कल दुसरे नावाने जपोन ठेविली आणि हुकमाप्रमाणे नवा कर्नेल बांधावयास घेतला. बांधणीस पाऊण तास लागला, तोवर सरदारांणी चहा घेतला. मग यंत्र सुरू केले. यंत्र उठले, चाळीस हुजरे रांगेने उभे राहिले, आणि आपले घर कोठे हेच यंत्रास सापडेना. पडद्यावर एक ओळ उमटली आणि सर्व निश्चल जाहले. सरदारांणी ही बाब गंभीर आहे ऐसे एकमुखाने नोंदविले आणि पाव व कोंबडीचे भुजिंग खाण्यास ओटीवर कूच केले.

साडेबारा वाजले. डेल्फिनने यंत्र बंद करोन जुन्या नकलेचे नाव दिले तेव्हा ते पूर्ववत उठले, परंतु पूर्ववत म्हणजे लोपीसपर्यंतच. ती पडद्यापुढे बसोन रडू आवरीत होती. आईस आता काय सांगावे, हा एकच विचार.

तों मौजे चांदीपची भागूबाई पाटील, सभासद, भाजीची पाटी उतरवोन आत आली. फलकावर लाविलेली अर्धी यादी दुसऱ्याकडोन वाचवोन ती तापली होती.

“माजं नाव कोनी खाल्लं गो?”

डेल्फिनने हुजरे, मेमरी, कमिटी, लोपीस, सर्व सांगितले. भागूबाईने ऐकले आणि एकच पुसले, “म्हंजी केळीची पिल्लंच की. छाटली नाय तर घड कसा भरंल?”

हे बोलोन ती थेट ओटीवर गेली. अकराही सरदार केळीचे बागाईतदार. दर आठवड्यास प्रत्येक जण कोयती घेवोन बुंध्याभोवतीची पिल्ले कापितो आणि एखादेच राखितो, आणि हे त्यांस बापाने नव्हे, आज्याने शिकविलेले. भागूबाईने चेअरमनसाहेबांस विचारिले, “सॅन्टनभाव, तुमच्या वाडीत एका केळीला पिल्लं किती ठेवता?”

“एक,” सॅन्टनराव भुजिंग चावीत म्हणाले.

“नि बाकीची कदी ना कदी लागतील म्हनून ठेवीत नाय?”

सॅन्टनरावांणी भुजिंगाची बशी खाली ठेविली. चूक कबूल करणे सरदारांचे कुळाचारात नव्हते. म्हणोन सॅन्टनरावांणी नवे फर्मान सोडिले की, ऑपरेटरने काय ते आपले जबाबदारीवर करावे. बिघडल्यास कमिटीस ठाऊक नाही. भ्याड मनुष्याचे हातून घडलेले उपकार ते हेच, आणि डेल्फिनने तेवढेच उचलिले.

मग तिणे एकोणतीस नावांपुढे एन घातला. प्लॉटर पडला, टेप पडली, नेटवर्क पडले, जॉयस्टिक पडली, गावोगावचे मानकरी पटापट धुळीस मिळाले. हार्ड डिस्कपुढे वाय घालोन ती ओळ तिणे दोनदा वाचिली. दीड वाजता बांधणी सुरू जाहली आणि सव्वादोनास संपली. यंत्र उठले आणि बारा हुजरे आपापले जागी गेले आणि मेमरीत ऐसी ऐसपैस जागा दिसली की डेल्फिनने आकडा बोटाने पडद्यावर दाबोन पाहिला. यादी निघाली. भागूबाई छापखान्याजवळ स्टुलावर बसली आणि कागद वाचता येत नसताही एकेक ओळ डोळ्यांनी राखीत राहिली. तीन वाजता लोपीस आले. छापखाना क्षणभर थांबला, आणि मच्याडो आले. मग पाटील आले, परेरा आले, आणि चार वाजावयास दहा मिनिटे असता शेवटचा वाझ कागदावर उतरला. डेल्फिनने तेव्हा रडोन घेतले, आणि भागूबाईने तीस रडू दिले.

चार वाजता यादी फलकावर लागली. कमिटीने तत्काळ ठराव लिहविला की, चेअरमनसाहेबांचे दूरदृष्टीने आणि कमिटीचे अथक परिश्रमाने यंत्र सुधारिले. त्यात डेल्फिनचे नाव नव्हते. सॅन्टनरावांणी ठरावावर सही करिताना फोटो काढविला.

परंतु पुढील रविवारी सर्वसाधारण सभा भरली आणि भागूबाई उठली आणि तिणे विचारिले की, संघास अकरा संचालक लागतात कशास, आणि यांतले काम करणारे किती? मच्याडोंपासोन वाझांपर्यंत अवघे सभासद, ज्यांस कमिटीने यादीबाहेर राहू दिले होते, ते हात वर करोन उभे राहिले आणि लोपीसही त्यांस मिळाले. संचालक पाचच असावे ऐसे ठरले, निवडणूक जाहली, आणि जुन्यांपैकी एकही निवडोन आला नाही. नव्या पाचांणी पहिले बैठकीत डेल्फिनची खुर्ची कायम केली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दुसरे दिवशी सकाळी डेल्फिनने यंत्रावर संचालकांची जुनी यादी उघडिली, सॅन्टनराव आल्मेडा, उद्घाटनबहाद्दर, यांचे नावापुढे एन घातला, आणि यंत्र बंद करोन पुन्हा सुरू केले. ते बिनतक्रार चालू जाहले.