नऊ खड्डे, तातडीने

सरकारी टिपणी लिहावी तर ती देवचंदनेच! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. जळगावातल्या एका प्राधिकरणाच्या उद्यान शाखेत मी एकोणीस वर्षं कारकून आहे. प्राधिकरणाचं नाव विचारू नका. मला सोमवारी परत तिथेच जायचंय.

माझ्यासोबत, त्याच दिवशी, त्याच रांगेत अमृत रुजू झाला. तो रस्ते शाखेत. आमचं गावही एकच, अमळनेर तालुक्यातलं. बाकी काहीच एक नाही. त्याला सगळे 'अमृतभाऊ' म्हणतात, मला 'ते उद्यानवाले'. त्याचे केस अजून काळेभोर आहेत, आणि ते रंगवलेले नाहीत, हे मी लिफ्टमध्ये अगदी जवळून बघून घेतलंय! माझी बायको शिल्पा अधूनमधून जेवताना म्हणते, "अमृतभाऊ किती हसतमुख, नाही?" मग मला पुढची पोळी जात नाही. जळतो मी. खोटं कशाला बोलू?

तर मेहरूणच्या पलीकडे आमच्या प्राधिकरणाचं एक गोल्फचं मैदान आहे. पूर्वी एक क्लब ते चालवायचा. क्लब बंद पडला आणि मैदान आमच्या गळ्यात आलं. सहा वर्षांत तिथे कुणी चेंडूला हात लावलेला नाही. आमचे माळी झुलालनाना तेवढे गवताला पाणी घालतात आणि चेंडू पडायचे जे नऊ होल आहेत, त्यांतला पालापाचोळा काढतात.

यंदा वरून प्रश्न आला. या बंद मैदानाची निगा राखायची, की सोडून द्यायचं? सोडलं तर जागा रस्ते शाखेला, डांबराची पिंपं ठेवायला. राखलं तर 'मैदानप्रमुख' असं नवं पद, आणि सोबत क्लबातली केबिन. कूलरवाली! मे महिन्यात कूलरवाली केबिन म्हणजे काय, ते जळगावकरालाच विचारा. आणि राखायचं ठरलं तर पद उद्यान शाखेला, म्हणजे मलाच. फक्त टिपणी दमदार हवी होती.

आमच्या मोनाली मॅडम नवीन आल्या आहेत. त्यांचा एकच नियम: टिपणीत इंग्रजी शब्द दिसला की फाईल परत. अमृतची फाईल 'पॅचवर्क' या एका शब्दापायी दोनदा परत आली होती. दोन्ही दिवशी मी कॅन्टीनमध्ये जिलेबी खाल्ली!

मी दार लावून लिहायला बसलो. 'गोल्फ' शब्द आधी उडवला. 'सदर मैदान' म्हटलं की भागतं. अडलो 'होल'पाशी. खिडकीबाहेर नाना झारी घेऊन उभे होते.

"नाना, होलला मराठीत काय म्हणायचं?"

"खड्डाच शे ना भाऊ तो! आखो काय शे?"

वा! मी लिहिलं: 'सदर मैदानावर एकूण नऊ खड्डे आहेत. प्रत्येक खड्ड्यात निशाण रोवलेले आहे. गेली सहा वर्षे या खड्ड्यांकडे प्राधिकरणाने लक्ष दिलेले नाही. तरी सदर खड्ड्यांबाबत तातडीने उचित कार्यवाही व्हावी.' एकही इंग्रजी शब्द नाही! मी ते तीनदा मोठ्याने वाचलं. सही जरा लांबच ठोकली.

फाईल आवक-जावकच्या लताबाईंकडे दिली आणि साडूच्या मुलीच्या लग्नाला आठ दिवस धुळ्याला गेलो. तिथे कुणी "सध्या काय करता?" विचारलं की मी सांगायचो, "मैदानप्रमुख!" शिल्पा पाठीमागून चिमटा काढायची. मी नवा सफारीही शिवायला टाकला.

आता लताबाईंची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या फाईल वाचत नाहीत. एक शब्द बघतात आणि शिक्का मारतात. 'झाड' दिसलं की उद्यान. 'नळ' दिसला की पाणीपुरवठा. आणि 'खड्डा' दिसला की रस्ते शाखा!

सोमवारी परतलो तो थेट मैदानावरच, कारण मॅडमची पाहणी होती. मॅडम आल्या, निर्णय घेणाऱ्या समितीचे तिघे आले, आणि का कोण जाणे, अमृतही आला. हसतमुख! मी क्लबाच्या अडगळीतून एक गोल्फची काठी शोधून काढली होती. ती खांद्यावर टाकून मी पुढे झालो.

"मॅडम, हा पाहा आपला पहिला खड्डा!"

"कुठे आहे?"

मी खाली पाहिलं. खड्डा नव्हता. निशाण नव्हतं. गवतात पुरीएवढा एक काळा, गुळगुळीत डांबराचा ठिपका होता.

"चला, दुसरा बघू," मी म्हटलं. दुसऱ्या जागीही ठिपका. तिसऱ्याही. "नाना! खड्डे कुठे गेले?"

"बुजी टाकात ना भाऊ!"

"किती?"

"बठ्ठा! नऊना नऊ! मी आडवा व्हयनू, पन कागदवर तुनीच सही व्हती! केवढी लांब सही!"

अमृत पुढे आला. हातात फाईल, फाईलीत फोटो. आधीचे आणि नंतरचे!

"मॅडम, आमचा खड्डेमुक्त पंधरवडा चालू आहे," तो म्हणाला. "खड्डे लहानच होते. पण लोक फार वैतागलेले असणार. प्रत्येक खड्ड्यात कुणीतरी निषेधाचं निशाण रोवून ठेवलं होतं!"

आता यात त्याची चूक तरी कशी काढू? आपल्याकडे खड्ड्यात बाभळीची फांदी रोवतातच की! माझ्या गल्लीतल्या खड्ड्यात दोन वर्षांपूर्वी मीच रोवली होती. ती फांदी आहे, खड्डाही आहे. आणि इथे या गृहस्थाने दोन दिवसांत नऊच्या नऊ बुजवून, निशाणं गुंडाळून, पुरावा म्हणून जमा केली होती! "पंधरवड्यातलं शंभर टक्के पुरं झालेलं हे एकच काम, मॅडम," तो लाजत म्हणाला. काय ते लाजणं! समितीतल्या एकाने मान डोलावली.

माझा तोल गेला. रागावलो की आम्ही दोघं अहिराणीवर उतरतो.

"तू मुद्दाम करं ना हाई?"

"मुद्दाम? तूच लिखं ना भाऊ, तातडीने कार्यवाही करा म्हणीसन!"

"होल व्हतात रे त्या! होल!"

"मंग होल लिखाना व्हता ना!"

मॅडमनी हात वर केला. "तक्रार असेल तर लेखी द्या. शुद्ध मराठीत."

दिली! चार पानं दिली! घरी बसून, दात-ओठ खाऊन लिहिली. 'श्री. अमृत यांनी भर उन्हात स्वतः उभे राहून, अवघ्या दोन दिवसांत, नऊच्या नऊ खड्डे बुजवले. एकही सोडला नाही. कोणी सांगितलेले नसताना त्यांनी संपूर्ण मैदानावरून लोखंडी रूळही फिरवला. जाताना गवतावरचा कचराही उचलून नेला.' शिल्पाने वाचली आणि म्हणाली, "अय्या, किती छान लिहिलंय त्यांच्याबद्दल!" मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. बायकांना कार्यालयीन भाषा कळत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. सफारी शिवून आला होता. तोच घालून गेलो.

"देवचंद, मैदानाचा निर्णय झालाय," मॅडम म्हणाल्या. "गोल्फ कायमचा बंद. तसंही आता खड्डे नाहीत. पण मैदान राखायचं. मेहरूणच्या लोकांना सकाळ-संध्याकाळ फिरायला."

राखायचं! माझा ऊर भरून आला. "आणि... मैदानप्रमुख, मॅडम?"

"शाखेचा आग्रह समितीने सोडला. सहा वर्षांत त्या मैदानावर कुणी मनापासून काम केलं, एवढंच पाहिलं. फाईलीत त्याचा एकच लेखी पुरावा सापडला. तुम्ही दिलेला."

"मी दिलेला!" मी खुर्चीत पुढे सरकलो.

"हो. अमृतभाऊंवरची ती चार पानं. सहकाऱ्याबद्दल इतकं मोकळ्या मनाने लिहिणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला. समितीसमोर मी मोठ्याने वाचून दाखवली."

'ती जळून लिहिली होती' असं सांगायला शुद्ध मराठीतही सोय नाही!

परवा नव्या मैदानप्रमुखाचा, म्हणजे अमृतचा, सत्कार झाला. सत्काराचा हार आमच्याकडे उद्यान शाखेनेच द्यायचा असतो. झेंडूचा, ताजा. मी नानांना बाजूला बसवलं आणि तो स्वतः ओवला. मुद्दाम आखूड ओवला. मंचावर अमृतच्या डोक्यातून तो खाली उतरेचना, कानांवर अडकला. नाना खाली बघायला लागले, आणि फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला.

तो फोटो आता कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावलाय. आणि काय सांगू, कानांवर हार अडकलेलाही तो छानच दिसतो!