मुलवाकाकांचा गोल फोटो

तीन दिवसांत साडेतीनशे शिलिंग आणि रडक्या चेहऱ्यांची अकरा चित्रं. कवाता बाईंनी शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता फोन परत उघडला. आकडा तोच होता. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि तेवढ्यात काही बदललं असेल म्हणून लगेच सुलटा केला.

"अगं, त्या फोनला जरा दम खाऊ दे," समोरची वायनी म्हणाली. वायनी गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात कोणाचं कुठे चुकतं ते सांगायची.

"तुला काय जातंय बोलायला? आज बुधवार. शुक्रवारी सकाळी डॉक्टर मुतिसो मचाकोसहून येणार. पैसे तयार असले तर खुराचं ऑपरेशन करणार, नसले तर..." बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. नसले तर डॉक्टर कायमचं झोपवणारं इंजेक्शन देणार होते. ऑपरेशनपेक्षा ते फारच स्वस्त होतं.

प्रश्न होता वझिरीचा. वझिरी हे मुलवाकाकांचं गाढव. बाजारात कायम उशिरा पोचायचं आणि सगळ्यांनी बाजूला व्हावं अशी अपेक्षा ठेवायचं, म्हणून काकांनी त्याचं नाव वझिरी, म्हणजे मंत्री, ठेवलं होतं. बोअरवरून पाण्याचे कॅन भरायचे आणि वझिरीच्या गाडीवरून वोटे गावात घरोघर पोचवायचे, एवढाच काकांचा धंदा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. घरी आल्यावर काका बोलायचे ते वझिरीशीच. आता त्याचा मागचा खूर आतून सडला होता आणि गाडी दोन आठवडे अंगणात उभी होती. बाई काकांच्या शेजारी राहायच्या. मुक्या जनावरांसाठी ऑनलाइन मदत गोळा करायचा त्यांना नादच होता. आजवर दोन कुत्री आणि एक पंख तुटलेली घार त्यांनी तारली होती. अडतीस हजारांचं गाढव मात्र पहिल्यांदाच अंगावर आलं होतं.

"ते वेबसाइटबिबसाइटचं सोड," वायनी म्हणाली. "आपल्याकडे पैसा तसा निघत नाही. ग्रुप काढ. वर फोटो, खाली यादी. एक नंबर अमका, पाचशे. दोन नंबर तमका, तीनशे. यादी दिसली की माणसाचा हात आपसूक खिशात जातो."

हे मात्र बाईंना पटलं. घंटा व्हायला चार मिनिटं होती. त्यांनी घाईघाईने फोटो शोधला: पुतण्याच्या लग्नातला कोट घातलेले मुलवाकाका आणि बाजूला वझिरी. ग्रुपला नाव दिलं, 'मुलवासाठी एकत्र येऊ'. फोनमधली दोनशे चौदा माणसं आत ढकलली. निवेदन रात्रीच लिहून ठेवलं होतं. बाई भाषेच्या शिक्षिका, त्यामुळे ते चार परिच्छेदांचं होतं. सुरुवात 'मुलवाकाकांनी तीस वर्षं या गावाची तहान भागवली' अशी होती आणि गाढव तिसऱ्या परिच्छेदात येत होतं. घंटा झाली. बाई वर्गावर पळाल्या.

दोन तास त्यांनी कसे काढले ते सातवीच्या मुलांना विचारा. फळ्यावर निबंधाचा विषय लिहिताना त्यांनी दोनदा 'खूर' लिहिलं. तास सुटल्याबरोबर त्यांनी फोन काढला आणि जागच्या जागी थांबल्या. एकशे ऐंशी संदेश. सत्तावीस हजार शिलिंग.

"वायनी! निघाले गं पैसे! माणसात माणुसकी आहे!"

वायनीने फोन हातात घेतला, बोटाने वरखाली केला आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "कवाता," ती म्हणाली, "लोक 'देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो' असं का लिहितायत?"

"वझिरी अजून जिवंत आहे की!"

"वझिरीला नाही म्हणत ते. हा फोटो बघ."

बाईंनी फोटो बघितला. ग्रुपचा फोटो गोल असतो आणि गाढव चौकोनात मावलं होतं. गोलात उरले होते फक्त मुलवाकाका, कोटात, किंचित हसणारे. कोटातला म्हातारा, गोल फोटो, खाली नावांची यादी. याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, मयताची वर्गणी, आणि तो समजायला कोणी चार परिच्छेद वाचत बसत नाही.

बाईंनी लगेच लिहिलं, 'काका जिवंत आहेत! मदत गाढवासाठी आहे!' त्याच मिनिटाला सात जणांनी आपापलं नाव जोडून अख्खी यादी पुन्हा टाकली. यादी एव्हाना हातभर झाली होती. बाईंचा खुलासा तिच्याखाली गडप झाला. त्यांनी परत लिहिलं. परत सात याद्या.

तेवढ्यात मुसेंबी साहेब अवतरले. साहेब पूर्वी गावचे चीफ होते. निवृत्तीनंतर परिसरातल्या प्रत्येक मयताच्या समितीचे ते अध्यक्ष असत. निवडणूक वगैरे लागत नसे. त्यांनी बाईंना फोन केला. "बाई, ग्रुपचे अधिकार मला द्या. दफनाचा पैसा अध्यक्षाच्या नंबरावर जमतो, ही रीत आहे."

"साहेब, पण मुलवाकाका मेलेले नाहीत!"

"समजतं मला," साहेब अत्यंत मऊ आवाजात म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा मीही असंच म्हणत होतो. पाणी प्या. अधिकार द्या."

बाई त्या आवाजाने इतक्या गोंधळल्या की त्यांनी खरंच अधिकार दिले आणि जमलेले पैसेही साहेबांच्या नंबरावर पाठवले. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा 'काका जिवंत आहेत' असं लिहिलं, तर फोनवर अक्षरं आली: तुम्हाला ग्रुपमधून काढण्यात आले आहे. वायनीच्या फोनवर अध्यक्षांचं निवेदन दिसलं: 'शेजारीणबाईंना धक्का सहन झालेला नाही. त्यांना विश्रांती द्यावी. दफन शनिवारी.'

बाईंनी हेडमास्तरांना न विचारता बाहेर धाव घेतली, पहिली दिसली त्या बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसल्या आणि सबंध वाटेवर चालवणाऱ्याला "पळव रे, पळव" म्हणत राहिल्या.

मुलवाकाकांच्या अंगणात मंडप उभा राहत होता. माणसं शेजारच्या गावातून मागवलेली, काकांना न ओळखणारी. आणि खुद्द मुलवाकाका एका टोकाला खांब धरून उभे होते. शेजारी शवपेटीच्या मापासाठी टेप घेतलेला सुतार त्यांना विचारत होता, "म्हातारबुवांची उंची साधारण किती होती हो?"

"मुलवाची? असेल माझ्याएवढी," काका म्हणाले. "घे माझ्यावरून माप."

"काका!" बाई किंचाळल्या. "अहो, काय करताय?"

"या बाई. नदीपलीकडचा मुलवा गेला वाटतं. त्याचं अंगण उताराचं, म्हणून इथे मांडव घालतायत. मी दोनशे दिले. गरीब होता बिचारा." मग काकांनी आवाज खाली केला. "वझिरीचे काही जमले का? सकाळपासून तो उठला नाही."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी काकांचा हात धरला आणि त्यांना तसंच बोडावर मधे बसवून मुसेंबी साहेबांच्या घरी नेलं.

साहेब ओसरीवर वही उघडून बसले होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, फोनमधल्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा काकांकडे पाहिलं. "हे बरोबर नाही," ते म्हणाले.

"मी मेलो नाही, साहेब," काका अजिजीने म्हणाले. वाटेत बाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

"ते दिसतंय मला. पण समितीकडे एक्केचाळीस हजार आलेत. ते मुलवाच्या दफनाचे आहेत. दफनाचा पैसा दफनालाच जातो. गाढवाला दिला तर उद्या लोक मला काय म्हणतील? इतक्या वर्षांत माझ्या एका मढ्याबद्दल तक्रार आलेली नाही!"

"मग काय करणार?" बाई भडकल्या. "काका मरेपर्यंत ठेवणार? गाढव तर परवाच मरेल!"

"चिडू नका, बाई." काका खाली पायरीवर बसले. "साहेब, माझ्या दफनाचेच ना ते? मग माझंच म्हणणं धरा. ते आत्ताच खर्चून टाका. मी खरा जाईन तेव्हा गावाकडे एक शिलिंग मागू नका. हवं तर अंगठा देतो."

साहेबांनी पेन्सिल कानामागे लावली. अशी सूचना आजवर कुठल्याच मयताकडून आली नव्हती. शेवटी त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'मयत माझ्यासमोर बसले आहेत. पैसे गाढवाच्या ऑपरेशनसाठी द्यावेत अशी त्यांची इच्छा आहे. ज्यांना परत हवेत त्यांनी कळवावे.'

बाई ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागल्या. "बसा हो बाई, मला चक्कर येते," साहेब म्हणाले. बाई बसल्या आणि लगेच उठल्या. दहा मिनिटांनी साहेबांच्या फोनवर संदेश आला. कितोंगा. काकांचा धाकटा भाऊ, राहायला नैरोबीत. कुंपणाच्या भांडणावरून आठ वर्षं दोघं बोलत नव्हते. यादीत सर्वांत वर त्याचंच नाव होतं: आठ हजार.

'जिवंत आहे?' कितोंगाने लिहिलं होतं. 'मग माझे परत करा.'

बाईंनी यादीवरून पुन्हा नजर फिरवली. एक परत मागतो म्हटल्यावर सगळेच मागणार. काकांना वाचता येत नव्हतं, म्हणून साहेबांनी नाव, आकडा आणि संदेश वाचून दाखवला. काकांनी फोन मागून घेतला, बाईंनी माइकचं बटण दाबून दिलं, आणि काका तो तोंडाजवळ धरून ओरडले, "कितोंगा! आठ हजार दिलेस होय रे? जिवंतपणी साधा चहा पाजला नाहीस, हलकटा!" आणि त्यांना रडू फुटलं. फोनने तेही सगळं नेऊन पोचवलं.

मग कितोंगाचं उत्तर आलं. 'आवाज त्याचाच आहे. परत नकोत. पण एक नोंद करा, मी याला एक शिलिंग दिलेला नाही. माझे आठ हजार गाढवाला.'

त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'माझेही गाढवाला.' तिसऱ्याने लिहिलं, 'मलाही गाढवच जास्त ओळखतं.' बघता बघता सात जणांनी आपापलं नाव जोडून अख्खी यादी पुन्हा टाकली. मुसेंबी साहेबांनी वहीत 'मुलवा' हा शब्द खोडला, वर 'वझिरी' लिहिलं, आणि बाईंना ग्रुपमध्ये परत घेतलं.

शुक्रवारी डॉक्टर मुतिसोंनी तासभर खपून खूर साफ केला. दुपारपर्यंत वझिरी उठून उभा राहिला आणि त्याने पहिली लाथ डॉक्टरांच्या बादलीला मारली. बाईंनी त्या बादलीचा फोटो काढून दोनशे चौदा जणांना पाठवला.

शनिवारी सकाळी नैरोबीची बस थांबली आणि भुशाचं पोतं खांद्यावर घेऊन कितोंगा उतरला. "गाढवाला बघायला आलोय," त्याने बाईंना आधीच बजावून सांगितलं. अंगणात मुलवाकाका वझिरीला पट्टी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. कितोंगा गाढवाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. बराच वेळ दोघंही एकेका बाजूने वझिरीची मान खाजवत राहिले. कुंपणापलीकडे बाईंचा जीव नुसता वरखाली होत होता.

शेवटी कितोंगा गाढवाच्या कानात म्हणाला, "वझिरी, तुझ्या मालकाला विचार, चहा टाकतोय का?"

मुलवाकाका दुसऱ्या कानात म्हणाले, "त्याला सांग वझिरी, साखर संपलीय. शेजारच्या बाईंकडून घेऊन ये म्हणावं. त्या कुंपणाशीच उभ्या आहेत."